सब, डब आणि जिजी

शिंदखेड्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर राजकारणावरून भांडण जुंपलं तर ते चहा संपेपर्यंत मिटतं. 'वन पीस' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका हिंदीतून पाहणाऱ्याला खरा चाहता म्हणायचं का, या प्रश्नावर मात्र गेल्या दिवाळीत दोन जिवलग मित्रांनी एकमेकांच्या मोटारसायकलवर बसणं सोडलं होतं. गावात पंथ दोन. सबवाले आवाज जपानीच ऐकतात आणि खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी वाचतात. डबवाले हिंदीत ऐकतात, नजर चित्रावर ठेवतात आणि भजी खायला मोकळे राहतात. सबवाल्यांच्या लेखी डबवाला अडाणी, डबवाल्यांच्या लेखी सबवाला दीडशहाणा.

या वादात प्रस्तुत लेखकाला कुणी बोलावलं नव्हतं.

लेखकमहाशय पुण्याला असतात. दिवाळीला आणि कानबाईच्या रोटांच्या सणाला गावी येतात, आणि आले की गावाला जगाची माहिती पुरवतात. फिल्म सोसायटीत बसून त्यांनी कुरोसावा पाहिलेला आहे, आणि ही गोष्ट त्यांना फार वेळ पोटात ठेवता येत नाही. त्यामुळे टपरीवर 'डेमन स्लेयर' श्रेष्ठ की 'जुजुत्सु कायसेन', 'नारूतो'चे जुने 220 भाग सोडून थेट 'शिप्पुदेन'वर उडी मारावी की नाही, असं चाललेलं ऐकून त्यांनी खाकरून घसा साफ केला. शिंदखेडा तालुक्यातला पहिला अ‍ॅनिमे-चाहता आपण स्वतःच, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी 'मोगली' पुढे केला.

"काका, ते कार्टून व्हतं," एक पोरगा म्हणाला.

महाशयांनी मग तपशील काढले. कार्टून कसलं, अस्सल जपानी माल! निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 साली काढलेली 52 भागांची मालिका. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. आपल्याकडचं गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. आणि शेरखानचा आवाज कुणाचा? मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा! बोला आता!

पोरं क्षणभर गप्प झाली. मग त्यांच्यातलाच, लेखकाचा सख्खा पुतण्या, शांतपणे म्हणाला, "मंग काका, ते डब शे ना."

टपरीवर हशा पिकला. लेखकमहाशय डबवाले ठरले. नानांचा शेरखान मूळ जपानी शेरखानापेक्षा सरस होता, असा बचाव त्यांनी केला खरा. पण मूळ जपानी शेरखान कधी ऐकलाय का, या प्रश्नावर त्यांना चहा गरम लागला. मग त्यांनी 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' काढला. दिग्दर्शक युगो साको जपानी, सोबत आपले राम मोहन, संगीत वनराज भाटियांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेला आणि जानेवारी 2025 मध्ये भारतातल्या थिएटरांत नव्याने लागलेला. हा अ‍ॅनिमे की आपला? पोरांनी यावर वाद घालावा, अशी त्यांची इच्छा होती. पोरांनी घातला नाही. "भारी शे तो," म्हणाली आणि परत 'जुजुत्सु'कडे वळली. हे म्हणजे वक्त्याला टाळ्या वाजवून खाली बसवणं झालं.

तरीही 'सूरज' उरलाच होता. या विषयावर लेखकमहाशयांना बोलायला मिळालं तर ते जेवण विसरतात, आणि इथे त्यांना अडवणारं कुणी नाही, तेव्हा वाचकांनी थोडी कळ सोसावी.

जपानात 1966 साली 'क्योजिन नो होशी' नावाची चित्रकथा सुरू झाली. लेखक इक्की काजिवारा, चित्रं नोबोरू कावासाकींची. गरीब घरातला पोरगा, बेसबॉलमध्ये स्वप्नं हरवून बसलेला त्याचा कडक बाप, आणि त्या बापाने पोराला घडवण्यासाठी चालवलेला छळ. 1968 साली तिची टीव्ही मालिका झाली आणि खेळावरच्या अ‍ॅनिमेची सगळी वंशावळ तिच्यापासून धरतात. तिथला बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचं एक जाकीट चढवतो. ते घालूनच पोराने जेवायचं, लिहायचं, हात हलवायचा. म्हणजे खांद्यात ताकद येते. अख्खं जपान हे पाहून रडलं आणि पोरं व्यायामाला लागली.

पुढे जपानी मंडळींनी हीच गोष्ट भारतात आणायचं ठरवलं. बेसबॉल इथे कोण बघतो? तेव्हा क्रिकेट. टोकियोऐवजी मुंबई, आणि नायक सूरज नावाचा झोपडपट्टीतला पोरगा. 'सूरज: द रायझिंग स्टार', 26 भाग, कलर्स वाहिनीवर. प्रायोजकांत सुझुकी होती आणि कोकुयोही होती. दांडेकरांच्या कॅम्लिनमध्ये नुकतीच शिरलेली ती कोकुयो. म्हणजे ज्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने आपण शाळेत बाकं कोरली, तिचे नवे धनी जपानी कार्टूनमागे उभे होते. आता मजा पाहा. स्प्रिंगांचं जाकीट भारतीय प्रेक्षकांना छळ वाटेल म्हणून तिथे सायकलच्या ट्यूब आल्या! जपानी कल्पनाशक्तीने इतकी वर्षं खपून जे शोधलं, ते खान्देशातल्या प्रत्येक घराच्या खुंटीला लटकलेलं होतं. कॅरियरवर कडब्याची पेंढी बांधायला ट्यूब, बेचकीला ट्यूब, तालमीत छाती ताणायलाही ट्यूब. शिंदखेड्यातल्या दोन पिढ्या नकळत क्योजिन नो होशी जगत होत्या, फक्त त्यांच्यापुढे कॅमेरा नव्हता.

आणि मालिका सुरू कधी झाली? रविवार, 23 डिसेंबर 2012. त्याच रविवारी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. मुंबईच्या एका काल्पनिक पोराने बॅट हातात घ्यावी आणि मुंबईच्या खऱ्या पोराने त्याच सकाळी ती खाली ठेवावी, याला काय म्हणावं? सूरजकडे कोण पाहणार? अख्खा देश बातम्या बघत होता. लेखकमहाशय ही कथा रंगात येऊन सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याने 'अरेरे' म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असते. टपरीवर एकाने जांभई दिली. दुसऱ्याने विचारलं, "तठे विराट व्हता का?"

असो.

या पोरांची निष्ठा मात्र चेष्टेचा विषय नाही. 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' 12 सप्टेंबर 2025 ला भारतात लागला. जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू आवृत्त्या होत्या. काही शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. हिंदी खेळ जवळपास मिळाला तरी तो बघायचा नाही, असं ठरवून आमच्या सबवाल्यांनी जवळजवळ दोनशे किलोमीटरवरचं नाशिक गाठलं. का? तर नायक तांजिरोचा खरा आवाज नात्सुकी हानाएचा आहे आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो ऐकणं म्हणजे पाप. अकाझा या राक्षसाची मागची कहाणी आली तेव्हा थिएटरात चांगली मिशी फुटलेली पोरं ढसाढसा रडली, असं पुतण्याने सांगितलं. तो स्वतः रडला का, हे त्याने सांगितलं नाही. डोळ्यात कचरा जाण्याची खान्देशी सबब मात्र देऊन ठेवली.

पुतण्याचा सिद्धान्त असा. जपानीत कोण कुणाला 'सान' म्हणतो, कोण 'कुन', कोण 'चान', यातच नातं कळतं. हिंदीत सगळं सपाट होतं. आवाजात गाव असतं, वय असतं, घराणं असतं. ते पुसलं की उरतं ते नुसतं चित्र. अगदी मुद्देसूद बोलला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून कुठल्याशा नोकरीसाठी होता. पोरगा टपरीमागे गेला आणि त्याच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती ऐकून लेखकमहाशय चाट पडले. "हो सर, मी बोलतोय. नाही सर, मला काहीच अडचण नाहीये." एक 'शे' नाही, एक 'माले' नाही. स्वच्छ, गुळगुळीत, गाव नसलेली, वय नसलेली, घराणं नसलेली. उत्तम दर्जाचा डब.

इथे लेखकमहाशयांची जीभ सैल सुटायला हवी होती. सुटली नाही. कारण हे तंत्र या घरात पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात "मी जाई ऱ्हायनो" असं तोंडून गेलं, खोलीतले चौघे पोट धरून हसले, आणि दिवाळीपर्यंत काम फत्ते झालं होतं. 2011 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 60 हजार लोकांनी आपली मातृभाषा 'खान्देशी' या सदरात, म्हणजे आमच्या अहिराणीच्याही सदरात, येईल अशी नोंदवली. त्यात लेखकमहाशय नाहीत. त्यांनी 'मराठी' लिहिलं होतं. गल्लीतली बारकी पोरं तर आता अहिराणीही सोडून थेट डोरेमॉनच्या हिंदीत हट्ट करतात. बांगलादेशात 2013 साली याच कारणावरून, पोरं हिंदी बोलायला लागली म्हणून, डोरेमॉन बंद पाडला होता. शिंदखेड्यात कुणी काही बंद पाडत नाही. इथे आया कौतुकाने सांगतात, "आमना पोऱ्या हिंदी बोलस!" लेखकमहाशयांना याचा राग येतो. राग नेमका कुणावर काढायचा, हे ठरत नसल्यामुळे तो त्यांनी आजवर भजीवाल्यावर काढला आहे.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री लाईट गेली. टीव्ही बंद, तेव्हा जिजी, म्हणजे लेखकाची आई आणि पुतण्याची आजी, खाटेवर बसून पोराला म्हणाली, "तू काय देखस ते माले दखाड." पोराने काय निवडावं? 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. लेखकमहाशयांना हर्ष झाला. हा त्यांचा प्रांत. इसाओ ताकाहाता, 1988, घिब्ली स्टुडिओ; अकियुकी नोसाकांच्या कथेवरून, आणि नोसाकांची स्वतःची धाकटी बहीण युद्धात, चित्रपटातल्या धाकट्या बहिणीसारखीच, गेली होती. युद्धविरोधी कलाकृती! दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करावी म्हणून त्यांनी उशी पाठीशी घेतली.

तोवर पुतण्याने सुरू केलं होतं. फोनवर चित्रपट जपानीतच लावलेला होता, त्याचा धर्म अजून शाबूत होता. पण जिजीला जपानी येत नाही आणि इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत. तेव्हा हा कट्टर सबवाला, जो तांजिरोच्या आवाजासाठी नाशिकला गेला, आजीच्या कानाशी तोंड नेऊन अख्खा चित्रपट अहिराणीत बोलायला लागला. सेइता बोलला की हा जाड आवाजात, धाकटी सेत्सुको बोलली की बारीक आवाजात. "भाऊ, माले भूक लागनी." ज्या बाईच्या घरी ती भावंडं राहतात तिला त्याने गल्लीतल्याच कुणाचा तरी आवाज दिला. कुणाचा, ते सगळ्यांनी ओळखलं. नाव कुणी घेतलं नाही. पोरांच्या मेलेल्या आईचे किमोनो विकून ती बाई तांदूळ आणते, तेव्हा हा म्हणाला, "मायनी लुगडी इकी टाकी." जिजी थोडी पुढे सरकली.

बहात्तरच्या दुष्काळात जिजीने खडी फोडलेली आहे. मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव ती अजून सांगते, आणि लुगड्यांचं पुढे काय झालं ते सांगत नाही. चित्रपट चालू असताना ती काहीच बोलली नाही. सेत्सुको गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात घातलेलं पाणी पिते, तिथे पुतण्याचा बारीक आवाज अडकला. तो पुढचं बोललाच नाही, आणि जिजीने विचारलंही नाही.

संपल्यावर लेखकमहाशय म्हणाले, "युद्ध कसं वाईट असतं, बघ जिजी."

जिजीने त्यांच्याकडे पाहिलं. "युद्ध ते शेच. पन पोऱ्याना तोरामां पोर गई. बाई बोले तर बोलू देवानं. घर कसाले सोडं?"

महाशय गप्प बसले. कारण ताकाहाता स्वतः आयुष्यभर हेच सांगत राहिले: हा काही युद्धविरोधी चित्रपट नव्हे, हा एका पोराने जगाशी संबंध तोडून आपल्या दोघांचंच राज्य थाटायला निघण्याची गोष्ट आहे. जगभरातल्या समीक्षकांना ते पटवता पटवता बिचारे थकले. जिजीला लाईट यायच्या आत पटलं होतं. आणि घर सोडून, आपल्या तोऱ्यात, दूर जाऊन राहिलेल्या पोराचा विषय निघाला तेव्हा ती नक्की कुणाकडे पाहत होती, हा प्रश्न लेखकमहाशयांनी त्या रात्री उशीखाली घालून टाकला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पुतण्या पुन्हा सबवाला होता. डब म्हणजे पाप, हे त्याने तावातावाने सांगितलं. काकांनी तोंड उघडलं, पुतण्याने डोळे वटारले, काकांनी भजं तोंडात घातलं.

संध्याकाळी जिजी खाटेवर तयार बसली होती. आज काय? घिब्लीचाच 'तोतोरो' लावू, असं लेखकमहाशयांनी सुचवलं. 1988 च्या एप्रिलमध्ये जपानात दोन्ही चित्रपट जोडीनेच लागले होते, हेही सांगितलं. जिजीला त्यात रस नव्हता. तिला लांबणारं काहीतरी हवं होतं, रोज बघता येईल असं. पुतण्याने भीतभीत 'वन पीस'चं नाव घेतलं. अकराशेच्या वर भाग झालेत म्हणाला, रोज एक पाहिला तरी तीन वर्षं.

"तवपावत संपी ना?"

"नई जिजी. तो ओदा आजून लिहीच ऱ्हायना."

जिजीने आयुष्यात याहून लांबलेल्या मराठी मालिका पाहिलेल्या आहेत. "मंग लाव," म्हणाली.

अडचण एकच होती. पोराची पोलीस भरती तोंडावर होती; पहाटे मैदानावर धावायचं, रात्री घसा बसेपर्यंत बोलायचं, हे जमणार कसं? लेखकमहाशय पुढे सरसावले. आपण बोलू की. नाट्यवाचनाचा अनुभव आहे, आवाज बरा आहे, आणि अहिराणी काय, घरचीच. त्यांनी नायक लुफीचं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. स्वतःवरच खूश होऊन दुसरंही म्हटलं.

जिजीने हात वर केला. "तू नको. तुन्ही बोली पेपरनी शे."

तेव्हापासून पुण्याला परत जाईपर्यंत लेखकमहाशयांकडे मोबाइल धरायचं काम होतं. पुतण्या बोलायचा, जिजी ऐकायची, आणि हात हलला की तेवढ्यापुरतं कुणीतरी काकांना हाक मारायचं.