आम्हाला हरलेलाच लागतो

कोल्हापुरात हरलेल्या पैलवानाचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. खासबागेत पाठ लागली की गर्दी जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला पळते आणि हरलेला आपली कापडं शोधत बसतो. हीच गर्दी घरी जाऊन कादंबरी उघडते ती मात्र हटकून हरलेल्याची! अलीकडं वाचनालयातून आणलेल्या, लोकांनी वाचून वाचून कोपरे मऊ केलेल्या कादंबऱ्या ओळीनं वाचल्या आणि ही गंमत ध्यानात आली. मी समीक्षक नव्हे. जेवण झाल्यावर आडवा होऊन वाचणारा माणूस. तेव्हा मतं आडवीतिडवी असणारच.

‘मृत्युंजय’ (१९६७). आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कर्णाची बाजू मांडायला सहा जण उभे केले: स्वतः कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण. म्हणजे आरोपी, आरोपीची आई, बायको, जिगरी दोस्त, भाऊ आणि वर विरुद्ध पार्टीचा सारथी. वकील म्हणून सावंत अव्वल! साक्षीला बोलावलं नाही ते फक्त द्रौपदीला. भरसभेत कर्णाच्या तोंडून काय काय ऐकावं लागलं हे तिनं तिच्या शब्दांत सांगितलं असतं, तर खटला पहिल्याच तारखेला फिरला असता. पण तसं झालं असतं तर आम्ही रडलो कुणासाठी असतो?

‘राधेय’ (१९७३). सहाच वर्षांत कोवाडच्या रणजित देसाईंनी त्याच अशिलाचं वकीलपत्र पुन्हा घेतलं. कोवाड चंदगड तालुक्यात, आजरा शेजारचा तालुका. या दोन तालुक्यांनी मिळून कर्णाला जेवढी माया दिली, त्याच्या निम्मी जरी हस्तिनापुरात मिळती तरी कुरुक्षेत्र टळलं असतं. दोन्हींत फरक एवढाच, की सावंतांचा कर्ण पेटतो आणि देसाईंचा उसासे टाकतो. वाचक मात्र दोन्हीकडं सारखाच भिजतो.

‘स्वामी’ (१९६२). माधवरावांनी १७६३ साली राक्षसभुवनला निजामाला पाणी पाजलं, हैदरावर स्वाऱ्या केल्या, पानिपतानंतर मोडून पडलेलं घर पुन्हा उभं केलं. ‘स्वामी’ वाचलेल्या कुणालाही विचारा, यातलं काय आठवतं? थेऊर. सत्ताविशीतलं मरण आणि रमाबाईंचं सती जाणं. जिंकणारा पेशवा आम्हाला चालतो, पण तो खोकत असला पाहिजे.

‘श्रीमान योगी’ (१९६८) हा अपवाद. तिथं नायक जिंकतो आणि तरीही आम्ही वाचतो. पण महाराजांच्या बाबतीत आम्ही वाचक नसतो, भक्त असतो. आणि भक्ताचं मत सदरात छापायची पद्धत नाही.

‘छावा’ (१९७९). पुन्हा सावंत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेमा आला आणि थिएटरातून डोळे पुसत निघालेली मंडळी थेट पुस्तकाच्या दुकानात शिरली. फार चांगलं झालं. मोबाइलच्या स्टेटसवर मुखपृष्ठही झळकलं. आतल्या पानांचं काय झालं ते विचारायचं नाही. संभाजीराजांनी जवळपास नऊ वर्षं एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अंगावर घेतले. ही नऊ वर्षं वाचक भराभर उलटतो. बोट अडतं ते शेवटच्या काही आठवड्यांपाशी. राजा झुंजला कसा यापेक्षा त्याला छळलं कसं, हेच आम्हाला पाठ. औरंगजेबानं एवढ्या बारकाईनं लिहून ठेवलं नसेल, तेवढं आमच्या गल्लीतली पोरं चहा पिता पिता सांगतात.

‘ययाती’ (१९५९). वि. स. खांडेकर इथलेच. या कादंबरीनंतर मराठीच्या दारात पहिलं ज्ञानपीठ आलं, १९७४ चं. ययातीही हरतो, पण त्याच्या हरण्याला जबाबदार तो स्वतःच. इथं वाचकाची पंचाईत होते. नियतीला, गुरूला, कुळाला, कुणालाच शिव्या घालता येत नाहीत. म्हणून ‘ययाती’ बक्षीस समारंभात दिली जाते आणि ‘मृत्युंजय’ उशाशी ठेवली जाते. बापानं पोराकडं तारुण्य मागावं ही कल्पना मात्र आता जुनी वाटते. हल्लीचे ययाती आमच्या जिल्ह्यात तिकीट स्वतःला मागतात, आणि पुरूलाही दुसरीकडून मागून ठेवतात.

बाबा कदम. यांचं एक नाव घेतलं तर बाकीच्या कादंबऱ्या रुसतील, म्हणून नुसतंच बाबा कदम. कोल्हापूरचा माणूस, पेशानं वकील. त्यामुळं खून झाला की त्याचा छडा लागणार हे नक्की. वाडा, जीप, बंदूक, एखादी देखणी बाई आणि शेवटी न्याय. इथं नायक जिंकतो! आणि म्हणूनच की काय, हे पुस्तक एसटीत वाचायचं, दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवायचं नाही, असा दंडक पडला. शोकेसमध्ये काचेआड बसायचं तर नायकानं किमान एकदा तरी दैवाचा घाव खाल्लेला पाहिजे.

‘झोंबी’ (१९८७). आनंद यादवांचा कागलचा पोरगा. बाप शाळेतून ओढून मळ्यात घालतो, पोरगं पुन्हा शाळेत पळतं, पुन्हा मार, पुन्हा मोट, शेण, नांगर. आणि असं करत करत मॅट्रिक गाठतं. आख्ख्या कपाटात एवढी निकाली कुस्ती दुसरी नाही. पण आमच्यातल्या पुष्कळांनी ‘झोंबी’ वाचली ती शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून, खाली दिलेल्या प्रश्नांसकट. ज्याला मार्क मिळतात त्याच्यासाठी डोळे कशाला ओले करायचे?

आता ‘पानिपत’ (१९८८). ओळखीत ज्याला विचारावं त्यानं वाचलेलं. विश्वास पाटील याच जिल्ह्याचे, आणि लढाई अशी लिहिली आहे की वाचताना आपल्याच पायाखालची जमीन हलते. १४ जानेवारी १७६१ ला नेमकं कुठं चुकलं, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाऊंनी ऐनवेळी हत्तीवरून उतरायला नको होतं, होळकरांनी निघून जायला नको होतं, यात्रेकरू बरोबर न्यायला नको होते. अडीचशे वर्षं झाली, आमची सल्लामसलत अजून चालू आहे.

याच पाटलांनी तीन वर्षांनी ‘झाडाझडती’ (१९९१) लिहिली. धरणासाठी उठवलेल्या माणसांची कादंबरी. साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ही विस्थापितांची, तिलाही २०२३ चा अकादमी पुरस्कार. पन्हाळ्याच्या परिसरातला लेखक, म्हणून शहरभर अभिनंदनाचे फलक लागले. ते आम्ही सगळ्यांनी वाचले. फलक.

आता बघा. हरलेलाच नायक आवडत असेल तर याहून हरलेला कुठं सापडणार? गाव गेलं, शिवार गेलं, देवळाचा कळस पाण्याखाली गेला, आणि बदली जमिनीसाठी सरकारी कचेरीचे खेटे पोराच्या पिढीपर्यंत संपले नाहीत. राधानगरी, काळम्मावाडी, चांदोली ही नावं कुरुक्षेत्राइतकी लांब नाहीत. आमचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे, आणि काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनवर तर शहरानं कितीतरी निवडणुका काढल्या. पण ‘झाडाझडती’ मागायला गेलं की ती कपाटात हमखास जागेवर सापडते. ‘पानिपत’ कधीच सापडत नाही, कुणीतरी नेलेली असते.

याचं कारण शोधायला समीक्षक कशाला हवा? अडीचशे वर्षांपूर्वीच्या पराभवात आपला हात नव्हता, हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय तिथला हरलेला माणूस दागदागिने घालून, भरजरी बोलत हरतो. धरणग्रस्त मळक्या टोपीत हरतो, आपल्याच बोलीत बोलतो, आणि वाचता वाचता वर बघून विचारतो, की तुमच्या नळाला पाणी आलं का? तेव्हा पुस्तक मिटावंसं वाटतं. कर्णाचं तसं नाही. त्याच्यासाठी कितीही रडा, तो सातबारा मागत नाही.