रेशोपंत

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोकडे कुणाच्याही घरी सत्यनारायण असू द्या, जेवणं झाली की पुरुषमंडळी गॅरेजकडे सरकतात. ग्रीन कार्ड कुठवर आलं, घराचा टॅक्स किती वाढला, असं चाललेलं असतं. तेवढ्यात एक गृहस्थ हातातला प्रसाद सावरत दारातल्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसतात, खाली वाकून बघतात आणि तिथूनच विचारतात, "रेशो किती हो हिचा?"

हे रेशोपंत. पेशाने सॉफ्टवेअरवाले. पुण्यात असताना यांनी स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः काढला नव्हता. टेक्ससमध्ये आले आणि फोर्ड एफ-१५० घेतली. चारही चाकं ओढणारी. घर ते ऑफिस या वाटेवर चढ म्हणून दाखवायला फक्त फ्लायओव्हर आहे, पण चिखलात अडकायची वेळ सांगून येत नाही असं पंतांचं मत. पिकअपच्या हौद्यात आजवर चढलेला सर्वांत जड माल म्हणजे गणपतीतल्या घडीच्या खुर्च्या. त्याही खाली सतरंजी अंथरून.

कंपनीने दिलेले टायर ३२ इंची होते. समोरच्या घरातल्याने ३५ इंची लावले आणि पंतांची झोप उडाली. महिन्याभरात यांचेही आले. आता, टायर तीन इंचांनी मोठा केला तरी गाडी उचलली जाते दीडच इंच. उरलेला दीड आसाच्या वरच्या बाजूला जातो. तेवढ्या दीड इंचाने घरातल्या साडीवाल्या बायकांची मात्र पंचाईत झाली. सीटखाली एक पाट कायमचा आला.

खरी गंमत पुढे. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणजे इंजिनाला तेवढ्याच फेऱ्यात जास्त ओढावं लागतं. सिग्नल सुटला की गाडी आधी विचार करी, मग निघे. स्पीडोमीटरला तर बिचाऱ्याला काही कळवलेलंच नव्हतं. काटा ७० मैलांवर आणि गाडी ७६ च्याही वर. पोलिसाने बाजूला घेतलं तेव्हा पंतांनी काचेतून मान बाहेर काढून ३५ भागिले ३२ असा हिशोब मांडला. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याची स्वतःची पिकअप होती. "मागे रेशो किती आहे?" त्याने विचारलं. "३.५५." पोलिसाच्या चेहऱ्यावर खरोखरीची कीव आली. मग त्याने तिकीट फाडलं.

त्या रात्री एक्सेल उघडलं गेलं. ३.५५ म्हणजे चाक एकदा फिरायला मधला शाफ्ट साडेतीनहून थोडा जास्त वेळा फिरतो. टायर जितक्या पट वाढला तितक्या पट हा आकडा वाढवायचा, की गाडी पूर्वपदावर. ३.५५ गुणिले ३५ भागिले ३२, उत्तर ३.८८. पण दुकानात मिळतात ३.७३ नाहीतर ४.१०. झालं. मुलीची पत्रिका जुळवताना कुणी केला नसेल इतका खल या दोन स्थळांवर झाला. ३.७३ सोज्वळ, पेट्रोल कमी पिणारं, पण अंगात जोर बेताचा. ४.१० कर्तबगार, पण खर्चिक. दहाव्या गिअरमध्ये ७० च्या वेगाला इंजिनाचे फेरे पूर्वी १,६५० च्या आसपास होते, नव्या टायरने १,५२० वर आले, ४.१० ने १,७५० वर जाणार. ही तीन आकड्यांची ओळ पंतांना पाठ आहे आणि आता ती आम्हालाही पाठ आहे. "अहो, दहा गिअर आहेत, गाडी घेईल सांभाळून," असं एकजण म्हणाला. तसं त्याचं खोटं नव्हतं. पंत पुढच्या हळदीकुंकवाला त्याच्याकडे गेले नाहीत.

४.१० ठरलं. चारही चाकं ओढणारी गाडी, त्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा, दोन्हीकडे तोच रेशो हवा. नाहीतर चारही चाकं जोडली की दोघं एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स मोडून ठेवतात. खर्च आपोआप दुप्पट. मोठे टायर लावून बिघडवलेली गाडी मूळ पदावर आणायला तीन हजार डॉलर गेले, पण पंतांच्या चेहऱ्यावर मुंज लागल्याचं समाधान होतं. पहिले ५०० मैल ट्रेलर ओढायचा नाही, असं दुकानदाराने बजावलं. पंतांनी ते काटेकोर पाळलं. ट्रेलर त्यांच्याकडे नाहीच.

याच सुमारास साताऱ्याहून सासरे आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. अर्विंगच्या मंदिराकडे जाताना पंत ४.१० चं माहात्म्य सांगत होते आणि सासरे मान तिरकी करून भलतंच काही ऐकत होते.

"जावईबापू, जरा पाय काढा." पंतांनी काढला. "आता द्या." दिला. "गॅस दिला की ओरडतंय, सोडला की गप्प. पिनियन नीट बसला नाही. शिम बदलायला लागेल."

दुकानात गाडी वर घेतली. मेकॅनिकचं स्पॅनिश, सासऱ्यांचं मराठी. मेकॅनिकने अ‍ॅक्सलचं झाकण काढून आतल्या क्राउन चक्राच्या दातांना पिवळी पेस्ट फासली आणि चक्र हाताने फिरवलं. पेस्ट दातांच्या मध्यावरून पुसली जायला हवी होती, ती पार कडेला पुसली गेली होती. दोघांनीही एकाच वेळी तिथे बोट ठेवलं. मग दोघं पंतांकडे पाठ करून अर्धा तास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल खुणांनी बोलत राहिले. पंत लॅपटॉप घेऊन उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शिम बदलून येताना अ‍ॅक्सलचा आवाज नव्हता. पंत मात्र पुटपुटत होते. "३७ इंची लावले तर... ४.१० गुणिले ३७ भागिले ३५... ४.३३. म्हणजे ४.५६ च घ्यावा लागेल."

"घ्या की," सासरे म्हणाले. "फक्त त्याच यादीत तुमच्या सासूबाईंसाठी शिडीही लिहा."

पंतांनी विचारलं, "किती इंची?"