हे माझ्या स्कोपमध्ये नाही

हैदराबादेत नामपल्लीला घर असलेल्या मराठी कुटुंबाची आठवण मराठवाड्यातल्या नातेवाइकांना वर्षातून दोनदा येते. एकदा जानेवारीत, कारण १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी एक्झिबिशन ग्राउंडवर नुमाईश भरते. दुसऱ्यांदा मृगात, कारण त्याच ग्राउंडवर दमेकऱ्यांना माशाचा प्रसाद मिळतो. मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, असं शाळेत शिकवतात. आमच्या घरच्या गाद्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

नुमाईशचे पाहुणे परवडतात. ते दिवसभर बाहेर असतात आणि रात्री लखनवी कुर्ते नि काश्मिरी शाली घेऊन दमून झोपतात. मृगाचे पाहुणे मात्र पहाटेपासून जागे असतात, कारण रांग लावायची असते. बत्तिनी घराण्याची ही परंपरा त्यांच्या सांगण्याप्रमाणे १८४५ पासूनची, एका साधूनं दिलेल्या नुस्ख्याची. पिवळसर औषधाची गोळी मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात ठेवायची आणि ते पिल्लू दमेकऱ्यानं अख्खं गिळायचं. शाकाहाऱ्यांना तेच औषध गुळातून. पूर्वी याला सरळ माशाचं औषध म्हणत. मग विज्ञानवादी मंडळींनी आक्षेप घेतले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि आता त्याचं नाव प्रसाद. औषधाला पुरावा लागतो, प्रसादाला फक्त रांग लागते. मासे पुरवतं सरकारचं मत्स्य खातं, बंदोबस्त पोलिसांचा. कोरोनात खंड पडला होता, २०२३ पासून पुन्हा सुरू.

तर यंदा नांदेडहून नवऱ्याचे मामा-मामी आले. मामा माळकरी, म्हणजे गूळवाले. मामींनी मात्र जाहीर केलं, "माझ्या गळ्यात काही माळ नाही बाई, मी खरा मासाच घेणार." त्यांनी काउंटरवरून पाण्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक बोटभर मरळ घेतली. रांगेत तीन-चार तास त्या माशाकडे बघत उभ्या राहिल्या. इतका वेळ कुणाच्याही डोळ्यांत बघितलं की ओळख होतेच. नंबर आला तेव्हा मामी म्हणाल्या, "मला पण गूळच द्या." आणि पिशवी आमच्या धाकट्याच्या हातात आली.

इथे आमच्या घरच्या धोरणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नवरा नि मी, दोघंही हायटेक सिटीतले नोकरदार. आठवड्यातून तीन दिवस नामपल्लीहून मेट्रो, अमीरपेटला उतरून गाडी बदलायची, नि उरलेले दिवस घरातूनच काम. लेखांमधून वाचून आमचं ठाम मत झालं होतं, की घरात प्राणी असला की मुलांना जबाबदारी कळते. त्या मतापायी आधी मांजर आली, नंतर गप्पी माशांची टाकी. फ्रिजवर तक्ता लागला: सोमवारी मांजरीचं ताट थोरलीकडे, मंगळवारी टाकीचं पाणी धाकट्याकडे, बुधवारी बाबा. गुरुवारपासून पुढे खाडाखोड होत होत सगळे वार माझे झाले. वरकाम करणाऱ्या अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मांजरीचं बघणं पगारात नाही. घरात करार स्पष्ट असलेल्या त्या एकट्याच.

नवऱ्यानं हा प्रश्न ऑफिसच्या पद्धतीनं सोडवायचं ठरवलं. रोज सकाळी मुलांची पाच मिनिटं उभ्यानं मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? आणि तेव्हा कळलं की मुलं जबाबदारी शिकलीत, पण मांजरीकडून नाही. आमच्या कॉल्सकडून.

थोरली आठ वर्षांची. मांजरीनं सोफ्यावर जे केलं होतं त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "मला लूपमध्ये ठेवलं नव्हतं." धाकटा सहाचा. टाकीचं पाणी का बदललं नाही? "दीदीवर डिपेंडन्सी आहे." मग बादली कुणी उचलायची? "हे माझ्या स्कोपमध्ये नाही." हे बोलताना त्यानं हात अगदी त्याच्या बाबासारखे पसरले होते. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. गेली काही वर्षं आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून, अमेरिकेतल्या माणसांना संध्याकाळी उशिरापर्यंत, गोड आवाजात, हेच तर ऐकवत होतो. पोरं शेजारी गृहपाठ करायची. गृहपाठ कुठला, ते आम्ही तपासलं नाही.

अशा या घरात मरळ आली. धाकट्यानं तिला गप्पींच्या टाकीत सोडलं, ती नवीन कर्मचाऱ्यासारखी कोपऱ्यात गप्प उभी राहिली, आणि आम्हाला तिचं कौतुक वाटलं. मरळ ही शिकारी जात, आणि अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणारी. चिखलात जिथे बाकीचे मासे मरतात तिथे ती टिकते. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. आमच्या वॉचमनला आधीच ठाऊक होतं. टाकीत डोकावून तो म्हणाला, "अम्मा, ये तो कोर्रमीनु है. इसकू पालते नै, फ्राय करते."

रोज टाकीत गप्पी कमी दिसू लागल्या. सकाळच्या मीटिंगमध्ये धाकट्यानं माहिती दिली, "गप्पी दुसऱ्या टीममध्ये गेल्या." कोणत्या टीममध्ये, असं विचारल्यावर त्यानं मरळीच्या पोटाकडे बोट दाखवलं. यावर नवरा कौतुकानं म्हणाला, "रिपोर्टिंग छान आहे पण." त्यांच्या कंपनीत नुकतीच अशीच फेररचना झाली होती, तेव्हाच्या पत्राचं त्यानं काय कौतुक केलं होतं ते मला आठवलं. मांजर मात्र पहिल्यांदाच कामाला लागली. दिवसभर टाकीसमोर बसून असते. तिला कुणी नेमलेलं नाही, तिचा वार तक्त्यात नाही, आणि घरातलं एकही काम इतकं मन लावून कुणी करत नाही.

शेवटची गप्पी संपल्यावर प्रश्न आला की मरळीला आता खायला काय घालायचं, आणि कुणी. थोरलीनं विषय बाबांकडे एस्कलेट केला. बाबांनी माझ्याकडे फॉरवर्ड केला, खाली "कृपया पाहणे" असा भाव. माझा कॉल चालू होता. मी म्यूट काढून क्लायंटला सांगत होते की ही त्रुटी आमच्या बाजूची नाही, आणि टाकीवरचं झाकण कुणी लावलं नव्हतं, कारण झाकण कुणाच्याच स्कोपमध्ये नव्हतं. मरळीनं उडी मारली. ती लॅपटॉपशेजारी पडली, मांजर टेबलावर आली, नि चार देशांतल्या अकरा माणसांनी मला शुद्ध मराठीत ओरडताना ऐकलं. कॉलनंतर मॅनेजरचा निरोप आला, माझी पॅशन सगळ्यांना फार आवडली.

मरळ वाचली. हवेत श्वास घेता येत असल्यामुळे तिला काहीच घाई नव्हती. ती उचलून टाकीत कुणी टाकली, ते मी सांगत नाही. फ्रिजवरचा तक्ता बघा.

रात्री मामींचा नांदेडहून फोन आला. प्रसाद लागोपाठ तीन वर्षं घ्यायचा असतो म्हणे, तेव्हा पुढच्या मृगाला येतोच. "आणि माझा मासा आहे ना गं? तोच जपून ठेव, पुढच्या वर्षी धीर करीन मी."

फोन स्पीकरवर होता. धाकट्यानं टाकीकडे बघितलं, दोन्ही हात जमतील तेवढे पसरून माप घेतलं आणि म्हणाला, "मामीआजी, तोपर्यंत ती इतकी होईल. मग कोण कुणाला गिळणार, ते आधी ठरवून या."