वकिलांची नात आणि झेवियर्स

“बाई, आयकलं का? वकिलांची नात मुंबईला चालली म्हणे. आन् कशासाठी, तर बी.ए. करायला!”

आमच्या मेंदीच्या कुंपणापाशी आधी बातमी येते, मागून अक्का येतात. हातात निवडायची मेथी असते, पण ती निमित्ताला. आमच्या माहूरला बारावी सायन्सचं पोर म्हणजे नीट आणि नीट म्हणजे लातूर, हे ठरलेलं. वकिलांनी दोन वर्षं लातूरची खोली, मेस, क्लास सगळं भरलं. आता पोरगी म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही. इतिहास शिकायचा, आणि तो मुंबईच्या सेंट झेवियर्समध्येच.

“बी.ए. काय नांदेडला होत नाई?” अक्का म्हणाल्या. “आन् हितिहासच पायजे तर गड हाय की समोर. चढायचं आन् बघायचं.”

“नाव मोठं आहे त्या कॉलेजचं.”

“आसंल. पण कोण शिकलंय तिथं?”

इतिहासाच्या निवृत्त मास्तरणीला हे विचारू नये. पण अक्कांनी विचारलंच. म्हटलं, घ्या मग. सुनील गावसकर.

मेथी खाली ठेवली गेली.

“शबाना आझमी. फारुक शेख. विद्या बालन.”

“ती साडीवाली? लय ग्वाड हाय.”

“झाकीर हुसेन.”

“चहाच्या जाहिरातीतले ना? गेले की हो ते.”

“गेले, २०२४ च्या डिसेंबरात. तेही झेवियर्सचेच. आणि परदेशात मोठमोठे वाद्यवृंद चालवणारे झुबीन मेहता, तेही.”

अक्कांच्या चेहऱ्यावर वकिलांच्या नातीबद्दल आदर दिसू लागला, तसा मला माझ्यातल्या मास्तरणीचा राग आला. ही यादी ऐकवून कॉलेजची जाहिरात होते, पण सांगण्यासारखं काही त्यात नसतं. म्हणून म्हटलं, “अक्का, थांबा. यातले निम्मे कॉलेजात गेले नसते तरी मोठे झाले असते. झाकीरभाईंना तबला शिकवला त्यांच्या वडिलांनी, उस्ताद अल्लारखांनी. झुबीन मेहता डॉक्टर व्हायचं म्हणून झेवियर्सला आले आणि अर्ध्यावर सोडून १९५४ साली व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले. गावसकरांनी १९७१ ला वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. त्या मुंबईच्या मैदानांनी शिकवलेल्या. वर्गात बसून तसं खेळता येत नाही.”

“मंग कॉलेजनं काय केलं?”

अक्कांचं हेच मला आवडतं. शाळा सातवीपर्यंत, पण प्रश्न नेमका.

फारुक शेख आणि शबाना आझमी तिथं शिकत होते तेव्हा कॉलेजात नाटक व्हायचं ते इंग्रजीत. या पोरांनी हिंदी नाट्य मंच काढला. नाटकं त्यांनीच बसवली, पैसाही त्यांनीच उभा केला. कॉलेजनं फक्त जागा दिली आणि आडवं आलं नाही. माझ्या मते कॉलेजनं करायची निम्मी कामगिरी एवढीच असते. पुढं १९९२ पासून ‘तुम्हारी अमृता’त दोघं नुसते खुर्चीवर बसून पत्रं वाचायचे आणि लोक वीस वर्षं तिकीट काढून ऐकायला यायचे. मधल्या काळात फारुक शेखनं वकिलीचं शिक्षणही घेतलं, आणि तेही बाबासाहेबांच्या संस्थेच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजात. हे ऐकून अक्का खूश झाल्या. त्यांचे थोरले दीर त्याच संस्थेच्या औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजला होते.

“पण बाई,” अक्कांनी आवाज उतरवला आणि रस्त्याकडं बघून घेतलं, “ते मिशनऱ्यांचं हाय म्हणे. पोरगी बाटवली मंजे?”

आता खरी गोष्ट निघाली. वकिलांच्या घरी याच मुद्द्यावर आजी जेवत नाहीत, असंही अक्कांकडूनच कळलं.

म्हटलं, जेझुइट फादरांचं कॉलेज आहे, खरं आहे. महिला मंडळाच्या सहलीत तुम्ही जुन्या गोव्याला चांदीच्या पेटीतला देह बघितला ना, ते हे झेवियर. १५४० साली रोमला हा जेझुइट संघ उभा राहिला, त्यातल्या पहिल्या काही जणांपैकी. १५४२ ला गोव्यात आले. त्यांच्या नावाचं मुंबईतलं कॉलेज जर्मन फादरांनी १८६९ मध्ये सुरू केलं. कोलकात्याला त्याच नावाचं दुसरं आहे, त्याहून जुनं. जगदीशचंद्र बोस तिथले. लोक दोन्हींची खिचडी करतात.

आणि बाटण्याचं म्हणाल तर मोजा. न्यायमूर्ती छागला तिथं शिकले, मुसलमानच राहिले. पालखीवाला, सोराबजी, फली नरिमन हे सगळे वकील लोक तिथले, पारशीच राहिले. आणि आपल्या दुर्गाबाई भागवत? त्यांना कोण बाटवणार! त्यांना यशवंतराव चव्हाणांसमोर गप्प बसवणं कोणाला जमलं नाही.

दुर्गाबाईंचं नाव अक्कांना माहीत होतं, पण पाककृतींच्या संदर्भात. ते चूकही नाही. कराडचं साहित्य संमेलन मात्र सांगावं लागलं. १९७५, आणीबाणीचं वर्ष. दुर्गाबाई अध्यक्ष, यशवंतराव स्वागताध्यक्ष, म्हणजे सरकार मांडवातच बसलेलं. आणि या बाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्या मांडवाला उभं राहायला लावलं. पुढं त्यांना अटक झाली. त्याच वर्षी, आणीबाणी लागली त्याच आठवड्यात, पालखीवालांनी इंदिरा गांधींचं वकीलपत्र परत केलं होतं. दोघं एकाच कॉलेजचे. योगायोग असेल, मी त्यातून सिद्धांत काढत नाही. पण हेच पालखीवाला आधी त्या कॉलेजात इंग्रजी वाङ्मयात एम.ए. झाले, कायदा नंतर. १९७३ ला तेरा न्यायाधीशांपुढं त्यांनी मांडलं आणि सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला, की संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा गाभा मोडता येणार नाही. वाङ्मय शिकलेला माणूस पोटाला काय खाणार, असं वकीलसाहेब म्हणत असतील तर त्यांना हे नाव सांगा. वकील आहेत, ओळखतील.

“सांगते,” अक्का म्हणाल्या. आणि सांगणार हे नक्की होतं.

मला मात्र फादर हेरास सांगायचे होते. एम.ए.ला असताना त्यांचं नाव तळटीपांत इतक्या वेळा भेटलं, की हा माणूस कोण म्हणून शोधत गेले होते. बार्सिलोनाचे. १८८८ चा जन्म, १९२२ ला मुंबईत उतरले. त्यांची एक गोष्ट सांगतात. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? म्हणाले, भारताचा. त्यातलं काय येतं? काहीच नाही. मग कसं शिकवणार? म्हणाले, आधी शिकेन.

“आन् शिकले?”

“पाच वर्षांत विजयनगरच्या शेवटच्या घराण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९२७.”

अक्कांनी हे ऐकून मान हलवली नाही, म्हणजे पटलं. पटलं नाही की त्या मान हलवतात.

१९२६ ला या फादरांनी कॉलेजातच इतिहास संशोधनाची संस्था काढली. आज तिला हेरास इन्स्टिट्यूट म्हणतात. नाणी, मूर्ती, ताम्रपट, पुस्तकं, जे मिळेल ते आणून ठेवायचं आणि पोरांना म्हणायचं, हातात घ्या, वाचा, लिहा. त्या काळी कॉलेजात इतिहास म्हणजे इंग्रजांनी लिहिलेलं पाठ करणं. इथं बी.ए.-एम.ए.ची पोरं मूळ साधनांवर बसायला लागली. जॉर्ज मोराइस या विद्यार्थ्यानं १९३१ ला कदंब घराण्यावर पुस्तक लिहिलं, ते अजून लागतं. दुर्गाबाईंचं बौद्ध विनयातल्या कायद्यावरचं पुस्तक १९३९ ला याच संस्थेच्या मालेत निघालं. लोककथा, ऋतू, पैस हे सगळं नंतरचं. त्यांच्या हाताला वळण लागलं ते इथं, असं मला वाटतं.

हेरास सिंधू लिपीच्याही नादी लागले. ती द्राविडी भाषेची आहे म्हणाले, वाचून दाखवली, भला थोरला ग्रंथ काढला. त्यांचं वाचन विद्वानांनी मान्य केलं नाही. लिपी आजही लागलेली नाही. १९५५ ला मुंबईतच गेले. १९८१ मध्ये सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. बाटवायला आलेला माणूस म्हणावं, तर आयुष्य गेलं मोहेंजोदडोच्या मुद्रा उलगडण्यात आणि ख्रिस्ताची चित्रं इथल्या शैलीत काढा म्हणून चित्रकारांच्या मागे लागण्यात.

“मंजे देवाचं काम सोडून हेच की.”

“त्यांच्या लेखी तेच देवाचं काम असणार, अक्का.” मराठीला तर या संघाचे लोक फार आधीपासून ओळखीचे. गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही ओवीत. इंग्लंडात जन्मलेला माणूस, आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्या.

वनस्पतीवाल्या फादरांचं मी थोडक्यात उरकलं, कारण अक्कांच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. एक ब्लॅटर, स्वित्झर्लंडचे. झाडपाला वाळवून, कागदावर डकवून, नाव-गाव लिहून ठेवायचे. कॉलेजचे प्राचार्यही होते. त्या संग्रहाला ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात. पश्चिम भारतातलं एखादं झाड पटवायचं तर अभ्यासक आजही तिथं जातात. त्यांच्यानंतरचे सांतापाव, स्पेनचे, भारताचे नागरिक झाले. खंडाळ्याचा घाट पावसापाण्यात पिंजून काढला, तिथल्या वनस्पतींची नोंद केली, पुढं सगळ्या देशाच्या वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ ला पद्मश्री. आपल्या रस्त्याकडेच्या नेहमीच्या झाडांवर सामान्यांसाठी पुस्तकही लिहिलं.

“आपल्या रानात आला नाई कोणी फादर. सागवान आन् पळस बघायला.”

“मराठवाड्याच्या वनस्पतींचं काम आपल्याच नाईक सरांनी केलंय, औरंगाबादला. त्यांचे दोन खंड १९९८ चे आहेत. सगळं फादरांनीच करायला पाहिजे असं थोडंच आहे?”

अक्का हसल्या. शिट्टी दुसरी झाली. पण त्या हलेनात, कारण मी चुकून म्हटलं, “त्या कॉलेजात भांडणंही होतात बरं.” भांडण म्हटल्यावर कुकर काय करणार!

२०१० सालची गोष्ट. रोहिंटन मिस्त्री नावाचे लेखक, पारशी, कॅनडात असतात. झेवियर्सला गणित आणि अर्थशास्त्र शिकलेले. ‘सच अ लाँग जर्नी’ ही त्यांची कादंबरी मुंबई विद्यापीठात बी.ए.ला लावलेली होती. त्यात शिवसेनेबद्दल कडू लिहिलंय म्हणून पुस्तकं जाळली, आणि विद्यापीठानं ते अभ्यासक्रमातून काढून टाकलं. पुस्तक काढायच्या मागणीच्या पुढं होते आदित्य ठाकरे. तेव्हा विद्यार्थी होते. कुठले सांगा?

“तिथलेच?”

“तिथलेच. इतिहासाचे.”

“आगं माय!” अक्कांनी कपाळावर हात मारला. “मंजे लिवणाराबी तिथला आन् काढायला लावणाराबी तिथला.”

पुस्तक काढणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. बी.ए.च्या पोरांना कडू वाचू द्यायचं नाही तर मग कोणाला द्यायचं? पण कॉलेजच्या यादीत हीही दोन नावं घ्यावी लागतात. आपल्याला सोयीची तेवढी सांगायची आणि बाकीची झाकायची, हा इतिहास नव्हे.

मग अक्कांनी मुद्द्याचं विचारलं. पोरगी तिथं निभंल का? सगळी इंग्रजीवाली, मोठ्या घरची.

अवघड जाईल, हे मी लपवलं नाही. कॉलेज अल्पसंख्याकांचं असल्यानं ख्रिस्ती मुलांसाठी जागा राखीव असतात, बाकीच्यांत चुरस. मुंबईत राहण्याचा खर्च लातूरच्या खोलीहून जास्त. पहिलं वर्ष इंग्रजीशी झुंजण्यात जाईल. पण तिथं अंध मुलांसाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे, पुस्तक बोलून दाखवणारे संगणक आहेत. दिसत नाही त्याला शिकवण्याची सोय करणारं कॉलेज माहूरच्या पोरीला इंग्रजी येत नाही म्हणून हाकलणार नाही. शास्त्रीय संगीताचा मुलांनीच चालवलेला ग्रुपही आहे. या पोरीचा आवाज नवरात्रात गडावर सगळ्यांनी ऐकलाय.

आणि विषय? तिनं मला मागच्या महिन्यात विचारलं होतं, रायबागन कोण होती? आपल्या माहूरची देशमुखीण. १६६१ ला उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूनं कारतलबखानाबरोबर होती, शिवाजी महाराजांच्या विरुद्ध. गावात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती चुकीच्या बाजूला होती. पोरगी म्हणाली, मला तिचे कागद शोधायचेत. अठराव्या वर्षी असा प्रश्न पडणाऱ्या मुलीला जबरदस्तीनं बेडकाचं पोट फाडायला बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेरासांच्या संस्थेत पाय ठेवायला तिच्याइतकी लायक पोर या तालुक्यात दुसरी नाही.

“मंग मी सांगते वकीलणबाईला,” अक्का म्हणाल्या. “गावसकरचं आधी सांगते, फादरचं मागून. नाईतर आयकायच्या नाईत.”

बातमी पोचवण्याचं शास्त्र अक्कांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. फक्त एक जास्तीचं सांगून ठेवलं, कारण आजींना खरी काळजी धर्माची नसून अंतराची आहे असा माझा अंदाज आहे. किनवटहून नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईला जाते, आणि सीएसएमटीला उतरलं की झेवियर्स चालत दहा मिनिटांवर आहे.