रियाजाचं ऑडिट

"रोज किती वेळ रियाज करता?" हा प्रश्न मला आजवर एकाही तबलजीने विचारलेला नाही. विचारतात ते लग्नाच्या बुफेत मागे उभे असलेले कुणाचे तरी साडू, विम्याचे एजंट, आणि आपल्या तोंडात चिमटे-आरसे असताना उत्तराची वाट बघणारे दाताचे डॉक्टर. सगळ्यांना उत्तर तासांत हवं असतं. "अर्धा तास" म्हटलं, तर समोरच्याचा चेहरा पडतो. "चार तास" म्हटलं, तर तो माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतो. म्हणून मी हल्ली "बसतो रोज" एवढंच म्हणतो. बसतो हे खरंच आहे. त्या बसण्यात वाजवणं किती, हा तपशील आहे.

हा तासांचा हव्यास आपल्याला दंतकथांनी लावला. बुजुर्गांच्या रियाजाचे आकडे ऐकले की छाती दडपते. कुणी मेणबत्ती लावून बसे आणि ती विझल्याशिवाय उठत नसे. कुणी डुलकी लागू नये म्हणून केस छताला बांधून ठेवी. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस जगाशी संबंध तोडून फक्त रियाज. हे ऐकताना मला आदर वाटतो आणि शंकाही येतात. सोळा तास रियाज, दोन तास गुरुसेवा, चार तास झोप. मग दळण कोण आणत होतं? शिवाय यातल्या एकाही कथेत गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी नाही. डोंबिवलीत, चार मजल्यांच्या इमारतीत, वर-खाली-शेजारी माणसं राहत असताना चिल्ला करायचा, तर चाळिसाव्या दिवसापर्यंत पोचण्याआधी नोटीस पोचेल.

बरं, दंतकथेतला आपण उचलतो तो भागही नेमका चुकीचा असतो. उस्ताद झाकिर हुसेन यांनी लहानपणची आठवण सांगितली आहे. वडील, उस्ताद अल्लारखाँ, त्यांना पहाटे तीनला उठवत आणि सहापर्यंत तालीम चाले. मग मदरसा, मग माहीमची शाळा. आपण पोरांना झापताना यातलं "पहाटे तीन" तेवढं वापरतो. पण त्या तीन तासांत भर असे तो बोल तोंडाने म्हणण्यावर. पढंत! जे बोल जिभेवरून स्वच्छ उतरत नाहीत, ते बोटांतून उतरण्याची शक्यताच नाही, हा सगळा मामला. आणि पढंतीला ना तबला लागतो, ना जागा, ना सेक्रेटरीची परवानगी. मी ती प्लॅटफॉर्मवर करतो. पूर्वी असं एकटंच पुटपुटणाऱ्या माणसापासून लोक दोन पावलं लांब उभे राहत. बिनवायरचे इयरफोन आल्यापासून मी कुणाशी तरी महत्त्वाचं बोलतोय असा समज होतो. एका गृहस्थांनी तर माझं "धाधा तिट" ऐकून, शेअर बाजाराचं काही आहे का, म्हणून विचारलं.

तासांच्या बाबतीत शास्त्रही मदतीला येईल असं वाटलं होतं. 1993 साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांनी विशीपर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास सराव केलेला निघाला. पुढे 2008 मध्ये लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी त्या आकड्याचा डंका पिटला, आणि दहा हजार तास भरले की माणूस आपोआप उस्ताद होतो असा लोकांचा समज झाला. ही सरासरी होती, सगळ्यांनी एवढे तास भरलेलेही नव्हते, आणि नुसते तास मोजून काही होत नाही, हे खुद्द एरिक्सन सांगत राहिले. पण आकड्यापुढे कुणाचं चालतं? मीही गणित केलं. रोज अर्धा तास धरला तर दहा हजार तासांना साधारण पंचावन्न वर्षं लागतात. मी तबल्याला हात घातला सेहेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे एकशे एकाव्या वर्षी माझी पहिली मैफल. कार्यक्रम शक्यतो तळमजल्यावर ठेवावा ही विनंती.

त्याच अभ्यासात मात्र एक रत्न दडलं आहे, आणि त्याचा डंका कुणीच पिटत नाही. ते सर्वांत चांगले विद्यार्थी एका बैठकीला तास-दीड तासाच्या पुढे सहसा जात नसत, मध्ये विश्रांती घेत, आणि दुपारी झोपत. बाकीच्यांपेक्षा जास्त झोपत! वामकुक्षीला बर्लिनहून इतका भक्कम दाखला मिळाल्यावर मी त्या अभ्यासातल्या निदान एका शिफारशीची अंमलबजावणी ताबडतोब सुरू केली. ती अजून निष्ठेने चालू आहे. उलट टोकाला पियानोवादक शूमान. बोटात बळ यावं म्हणून त्यांनी कसलंसं यंत्र वापरलं आणि उजव्या हाताचं बोट निकामी करून बसले, असं सांगतात. त्यांना निदान मोठा संगीतकार होण्याचा पर्याय उपलब्ध होता. आपला हात गेला तर ऑफिसात रजेच्या अर्जावर सही कोण करणार?

आता माझ्या अर्ध्या तासाकडे वळू. तबला गवसणीतून काढणे, चुंबळ नीट बसवणे, हातोडी शोधणे. हातोडी हिने फोडणीच्या लसणासाठी नेलेली असते. मग सूर मिळवणे. पावसाळ्यात पुडी दमट होऊन उतरते, गट्टे ठोकून चढवावी तर पंख्याखाली पुन्हा मन बदलते. मग मोबाइलवर लेहऱ्याचं ॲप उघडायचं. ते उघडताना "हातात वेग आणण्याच्या पाच युक्त्या" असा व्हिडिओ समोर येतो. तो बारा मिनिटांचा असतो, आणि त्यातली पहिली युक्ती "रोज रियाज करा" ही असते. एवढं होईपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी. पण वहीत नोंद काय होते? "रियाज, अर्धा तास." बसलो होतो ना!

मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे. पण रियाज करणारा सोडून बाकी सगळ्यांना त्या रियाजाची खडान्खडा माहिती असते.

वेळेचं खातं आईकडे. तिची संध्याकाळची गोळी माझ्या तबल्यावर चालते. वाजवणं थांबलं की गोळी, असा तिने सोयीचा नियम केला होता. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी रोज एकाच वेळी घेता ना?" तर आई म्हणाली, "ते याच्या कंटाळ्यावर आहे."

गुणवत्तेचं खातं हिच्याकडे. हिने जन्मात तबल्याला बोट लावलेलं नाही. ती शाळेत गणित शिकवते, स्वयंपाकघरात वह्या तपासते, आणि कान बाहेर ठेवते. आमच्या सरांनी मला दिल्ली घराण्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, दिला आहे, "धाधा तिट धाधा तूना"वाला. कायदा बरा जातो. त्याच्या एका पलट्यात, म्हणजे त्याच बोलांच्या फेरबदलात, "तिट" लागोपाठ दोनदा येतं आणि तिथे माझी दोन बोटं एकमेकांना ओळखेनाशी होतात. मी थांबतो, "छ्या!" म्हणून मान हलवतो, पहिल्यापासून सुरू करतो.

एक दिवस आतून आवाज आला, "अहो, ते दोन तिट येतात ना, तिथेच दर वेळी घसरता."

"माहितीये मला."

"मग दर वेळी पहिल्यापासून कशाला? तेवढंच वाजवा की. पोरगं भागाकारात चुकलं तर मी त्याला बे एके बे पासून पाढे म्हणायला लावत नाही."

मी तिला घराणं, परंपरा, गुरुमुखातून येणारी विद्या वगैरे सांगणार होतो. पण ती नेमकं बोलली होती. जे येतं ते वाजवायला गोड लागतं, म्हणून आपण तिथेच घुटमळतो. जे येत नाही त्याच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं आधीच येणाऱ्या गोष्टींच्या भेटीगाठींत जातात. वर दर वेळी त्याच जागी थांबून हात इतका तयार होतो की अडखळणं हाच कायद्याचा भाग बनतो.

याचा शब्दशः अनुभव मला तळमजल्यावर आला. तिथला पाचवीतला मुलगा जिन्यात चेंडू आपटत पढंत करत होता. खाली, भरी, सगळं चोख, आवाज खणखणीत. मी कौतुकाने थांबलो. पलट्याशी आला, "तिट तिट" म्हणाला, एक क्षण थबकला, "छ्या!" म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तीन आवर्तनं त्याने अशीच म्हटली. प्रत्येक वेळी छ्या. मग मला बघून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "काका, तो छ्या डग्ग्यावर वाजतो का तबल्यावर?"

त्याच आठवड्यात सरांकडे गेलो. सर चहा पीत होते. मी चार आवर्तनं वाजवली असतील. सर बशीतून वर न बघता म्हणाले, "मंगळवार, बुधवार झालेलं नाही. आणि रविवारी दोन तास ठोकलंय." हे त्यांना कसं कळतं, मला ठाऊक नाही. रविवारी आठवड्याची थकबाकी भरून काढली की हातात एक प्रकारचा आडदांडपणा येतो, म्हणे. त्यांचं म्हणणं, रोज वीस मिनिटं बसा, पण सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा. लय निम्मी करा. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. शेवटची सूचना मी एकदाच पाळली. रेकॉर्डिंगमधला तो माणूस कोण आहे ते मला समजलं नाही. पण त्याच्या इमारतीतल्या लोकांबद्दल वाईट वाटलं.

ज्यांना "रियाज किती?" असं विचारावंच लागत नाही, अशी माणसं मी रोज बघतो. सकाळच्या लोकलमधली भजनी मंडळी. टाळ, ढोलकी, एकाच्या पिशवीत देवाची तसबीर. डोंबिवलीपासून मुंबईपर्यंत तासभर, वर्षातले बहुतेक दिवस, खांद्याला खांदा लागलेल्या अवस्थेत वाजवायचं. ठाण्याला गर्दीचा लोंढा आत येतो तेव्हाही ढोलकीची सम हलत नाही. याला ते रियाज म्हणत नाहीत. ऑफिसला जाणं म्हणतात. उस्ताद अहमदजान थिरकवाही असेच बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबला वाजवत असत. रात्रीमागून रात्री त्या गाण्याला साथ करायची, प्रेक्षकांसमोर. त्यात "तिट तिट, छ्या, पुन्हा पहिल्यापासून" याला कुठली सवलत? माझ्या मते आपल्या अर्ध्या तासात ऐकणारं कुणी नाही असं आपण समजतो, सगळा ढिलेपणा तिथून येतो. ऐकणारे असतात. ते फक्त वन्स मोअर म्हणत नाहीत.

 

तर मी हिचं आणि सरांचं ऐकलं. फक्त ते दोन तिट. निम्म्या लयीत, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. तिट तिट. तिट तिट. पहिल्या संध्याकाळी आई बाहेर येऊन म्हणाली, "नळ गळतोय का रे कुठे?" पण बोटं हळूहळू शहाणी व्हायला लागली. फरक मला दिसण्याआधी हिला ऐकू आला. ती काही म्हणाली नाही. वह्या तपासत राहिली. तीच पावती.

इमारतीवर मात्र निराळा परिणाम झाला. वार्षिक सभेत पाण्याची टाकी आणि पार्किंग या विषयांनंतर "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" आले, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. आवाजाबद्दल तक्रार नाही, म्हणाले. पण पूर्वी निदान सुरुवात, मध्य असं काहीतरी असायचं. आता दोन महिने नुसतं तिट तिट. आम्हालाही पुढे काय होतं ते कळलं पाहिजे. तिसऱ्या मजल्याने अनुमोदन दिलं. मेंटेनन्स भरणाऱ्यांना थोडी विविधता मिळावी, असं एक भगिनी म्हणाल्या. कायदा बदलण्याचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला.

मी तो सरांपुढे ठेवला. सरांनी ठराव शांतपणे ऐकला, मला वाजवायला लावलं आणि म्हणाले, "कमिटीला सांगा, कायदा तोच राहील. हवं तर लय वाढवू. दर आठवड्याला थोडी."

हे उत्तर सेक्रेटरींनी इतिवृत्तात घेतलं. पुढच्या बैठकीत लयवाढ तत्त्वतः मंजूर झाली, दिवाळीपर्यंत दुगुण व्हावी अशी अपेक्षा नोंदवली गेली, आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्ष म्हणाले. मागच्या खुर्च्यांतून तळमजल्यावरच्या मुलाने हात वर केला.

"आणि छ्या?"

तो विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला आहे.