काढून परत टाकू

हे काका तुमच्याही सोसायटीत असणारच. कॉम्प्युटर अडल्याची कुणकुण लागली की न बोलावता हजर होतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि पडद्याकडे न बघताच निदान सांगून मोकळे : "काढून परत टाकू."

पंप पाणी ओढेना? काढून परत टाकू. दाराची कडी कुरकुरते? तेच. जावयाशी खटका उडाला तेव्हा काकू घाईघाईने म्हणाल्या होत्या, "तुम्ही यात पडू नका."

पुस्तकांची यादी सभासदांना आपापल्या फोनवर दिसावी म्हणून वाचनालयाच्या उबंटू मशीनवर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं. टाकलं खरं, पण सर्व्हिस सुरू होईना. पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल्ड'. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, लॉगमध्ये काय लिहिलंय ते वाचूया का?"

"अगं, वाचायला आलोय का आपण इथे?" काका म्हणाले. वाचनालयात!

एका बोटाने टाइप करत काकांनी ते काढलं, परत टाकलं. फेल्ड. "नीट निघालं नसेल." पुन्हा काढलं. नीट निघत नव्हतंच म्हणा. नुसतं रिमूव्ह म्हटलं की सेटिंगच्या फायली मागे राहतात, त्यासाठी पर्ज म्हणावं लागतं. मग पर्ज करून टाकलं. फेल्ड.

काका चहाला गेले तेवढ्यात तिने लॉग उघडला. ८० नंबरचा पोर्ट आधीच कोणीतरी अडवलाय, हे एकच वाक्य पाच वेळा, आणि खाली 'अजूनही जमत नाही'. पाच प्रयत्नांत एनजिनएक्सनेसुद्धा नाद सोडला होता. पोर्टवर कोण बसलंय ते तिने पाहिलं, तर अपाची, दुसरं वेब सर्व्हर! मागे कोणीतरी टाकलेलं, मशीन चालू झालं की गुपचूप आपली जागा धरणारं. तिने ते थांबवलं, पुन्हा आपोआप सुरू होऊ नये अशी सोय केली, आणि एनजिनएक्स एका दमात उठलं.

काका आले. हिरवं 'अ‍ॅक्टिव्ह' बघून म्हणाले, "झालं ना? आता एकदा काढून परत टाकू, म्हणजे पक्कं बसेल."

चिडायला होतं. पण विंडोज ९८ च्या काळात याच एका वाक्यावर काकांनी अर्धी कॉलनी चालती ठेवली होती. रविवारी सकाळी स्कूटर, डिकीत सीडींचं पाऊच, घरोघरी फॉरमॅट; पैसे कधी घेतले नाहीत, पोहे मात्र सोडले नाहीत. पाऊच अजून डिकीत आहे. सीडी घालायला खाच असलेलं मशीन आता कॉलनीत सापडत नाही, आणि रविवारी कोणी फोनही करत नाही.

त्या मुलीने मात्र परवा केला. प्रिंटर अडला होता. काकांनी कार्ट्रिज काढून परत टाकलं आणि प्रिंटर धडधडत सुरू झाला. आता यांचं तोंड कोण बंद करणार?