सही इथे, इथे आणि इथे

खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूस एका रात्रीत अज्ञान ठरतं. कायद्यात नव्हे, दवाखान्यात. आजींना घरखर्चाचा हिशेब तोंडपाठ. पण संमतीपत्र जातं जावईबापूंकडे. सह्यांच्या जागी फुल्या आधीच मारलेल्या. मजकूर इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि ‘सर्व धोके मला माझ्या मातृभाषेत समजावले आहेत’ हे वाक्यसुद्धा इंग्रजीतच!

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात सांगून ठेवलंय : उपचार काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, नकार दिला तर काय होईल, हे पुरेसं सांगितल्याशिवाय संमती खरी नाही. आमच्याकडे खल होतो तो इम्प्लांट देशी की इम्पोर्टेड यावर. आत रॉड घालणार की गोळा बदलणार, पुन्हा आधाराशिवाय चालता येईल का, जिवाला धोका किती, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार : ‘डॉक्टरांवर विश्वास नाही का?’

घाई असते, मान्य. ऑपरेशन दीड-दोन दिवसांत झालेलं बरं. पण त्याच दीड दिवसात आजी एक्स-रेच्या दारात, ईसीजीच्या रांगेत, फिटनेसच्या प्रतीक्षेत तासन्‌तास स्ट्रेचरवर पडून असतात. तेवढ्यात पंधरा मिनिटं निघत नाहीत?

आधी दुखणं थांबवा. पिशवीतला चष्मा आणि कानाचं मशीन काढून द्या. मराठीत सांगा, आणि ‘काय समजलं, सांगा बरं’ असं आजींनाच विचारा. मग सही घ्या. अंगठा नको, आजी सातवी फायनल पास आहेत.